लाईटवर की सेलवर?
आवाजाच्या यंत्रांना वीज कुठून द्यावी, आणि ती कितीला पडते

अंधेरीत घरच्या घरी व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करणारा तरुण, बोरिवलीत तानपुऱ्याच्या पेटीवर रियाज करणाऱ्या ताई, मुलुंडच्या सोसायटीतलं भजनी मंडळ आणि घाटकोपरच्या जुन्या इमारतीत रेकॉर्ड प्लेअर सांभाळणारे आजोबा, या चौघांची तक्रार एकच असते: "मागे सारखी घरघर येते." दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं. एक म्हणतो बॅटरीवरचं घ्या, दुसरा म्हणतो महागातला अ‍ॅडाप्टर घ्या, तिसरा यूपीएस गळ्यात मारतो. तिघांच्याही सल्ल्याने खर्च होतो, घरघर मात्र जातेच असं नाही.

बॅटरीवर आवाज स्वच्छ येतो हे खरं आहे, पण सगळ्या यंत्रांत आणि सारखाच नाही. त्या स्वच्छतेची किंमतही सहसा कोणी मोजत नाही. ती इथे मोजू. खालच्या किमती किरकोळ बाजारातल्या ढोबळ किमती आहेत. ब्रँड आणि दुकान बदललं की थोड्याफार खाली-वर होतील. विजेच्या हिशेबासाठी युनिटला १० रुपये धरले आहेत. तुमचा नेमका दर बिलावर बघा.

आधी फुकटची परीक्षा

पैसे काढण्याआधी घरातच दहा मिनिटं द्या. त्यासाठी फक्त कान लागतात.

पहिली परीक्षा: यंत्र सेलवर चालत असेल तर अ‍ॅडाप्टर काढून सेलवर चालवा. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करत असाल तर चार्जर भिंतीतून काढा. फोनवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून ते स्पीकरला जोडलं असेल तर फोनचं चार्जिंग बंद करा. घरघर गेली, तर दोष वीज देणाऱ्या भागात आहे आणि तो बहुतेक वेळा हजार रुपयांच्या आत बरा होतो. घरघर तशीच राहिली, तर बॅटरी घेऊन काही उपयोग नाही; दोष वायरीत, जॅकमध्ये किंवा यंत्रातच आहे.

दुसरी परीक्षा: पंखा फुल स्पीडवर करा, मग बंद करा. मधल्या स्पीडलाच आवाज येत असेल तर गुन्हेगार पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे. तो विजेची लहर मध्येच कापतो आणि त्या कापण्याचा कचरा घरभर पसरतो. डिमरवर चालणाऱ्या दिव्यांचं तेच. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा, खर्च शून्य.

तिसरी परीक्षा: जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर सेलवर लावा, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणा आणि तो घरातल्या एकेका अ‍ॅडाप्टरजवळ, एलईडी बल्बजवळ न्या. जिथे खरखर एकदम वाढते तो चार्जर किंवा बल्ब निकृष्ट. माळ्यावर पडलेला रेडिओ या कामाला कुठल्याही महागड्या मीटरइतकाच उपयोगी पडतो.

घरघरीची जात ओळखा

आपल्या भिंतीतली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. बिघाड कुठे आहे हे आवाजाच्या जातीवरून बरंच कळतं.

खोल, गुळगुळीत "हुंऽऽ" आला तर तो ५० हर्ट्झचा. दोन यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटवर असली आणि ऑडिओ वायरीने एकमेकांना जोडलेली असली, की अर्थिंगला जायला दोन वाटा होतात. त्या वर्तुळात फिरणारा करंट स्पीकरमध्ये ऐकू येतो. उपाय: सगळी यंत्रं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तेवढ्याने भागलं नाही तर ऑडिओ वायरीत बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या, ३०० ते ५०० रुपये.

जरा कर्कश "भुर्रऽ" असेल तर तो बहुधा १०० हर्ट्झचा. जुन्या अ‍ॅडाप्टरमधला कपॅसिटर सुकला की एसीचं डीसी पुरतं सपाट होत नाही आणि ही भुरभुर गाण्यात शिरते. पुरुषांच्या खालच्या सुरांच्या आसपासच तिची जागा, त्यामुळे फिल्टर लावून काढायला गेलात तर गळाही पातळ होतो. अ‍ॅडाप्टर बदला, २०० ते ५०० रुपये.

बारीक "चींऽ" किंवा शिट्टी असेल तर तो मोबाईल चार्जरसारख्या स्विचिंग अ‍ॅडाप्टरचा किंवा एकाच अ‍ॅडाप्टरवर टांगलेल्या डिजिटल यंत्राचा प्रताप. अशा यंत्राला वेगळा अ‍ॅडाप्टर द्या.

यंत्राच्या धातूच्या अंगाला किंवा माईकला ओठ लागल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नसलेल्या दोन पिनी अ‍ॅडाप्टरमधून अगदी थोडा करंट गळतो आहे. चांगल्या अ‍ॅडाप्टरमध्ये ही गळती धोक्याच्या मर्यादेच्या खूप खाली असते. पण झटका जोराचा असेल तर यंत्र ताबडतोब बंद करा आणि वायरमनला बोलवा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. घरघर जावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन मोडणारे, किंवा तीन पिनी प्लगला दोन पिनी कनेक्टर लावणारे "तज्ज्ञ" गल्लोगल्ली भेटतात. घरघर जाते खरी, पण आत काही बिघडलं की यंत्राचं अख्खं अंग २३० व्होल्टचं होतं आणि गाणाऱ्याच्या हातात माईक असतो.

अर्थिंगवर आधी खर्च करा

उपनगरातल्या जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे कधी वायरच नसते, कधी असूनही गंजलेली असते. सॉकेट टेस्टर २०० ते ४०० रुपयांना मिळतो, साधा मल्टिमीटर ३०० ते ६०० रुपयांना. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर दोन-तीन. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये बरेच व्होल्ट दिसले, किंवा फेज-अर्थिंगचा आकडा पडलेला दिसला, तर गडबड आहे. मापायची सवय नसेल तर हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. घरी येऊन तपासायचे ३०० ते ५०० रुपये पडतात.

घरातली वायर ठीक असेल आणि दोष इमारतीच्या मीटर रूममध्ये असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा. मीटरपर्यंतची बाजू वीज कंपनीची. तिथे तक्रार करताना आपली कंपनी कोणती हे माहीत हवं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर या भागांत अदानी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर अशा दोन कंपन्या आहेत. १९२९ साली उपनगरांसाठी निघालेली बीएसईएस म्हणजेच आजची अदानी. मध्ये ती रिलायन्सकडे होती आणि २०१८ मध्ये अदानींकडे आली. मुलुंड-भांडुपला मात्र वीज महावितरणची. अदानीचा तक्रार क्रमांक १९१२२, महावितरणचा १९१२.

सेलची वीज युनिटला कितीला?

एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. भिंतीतून ते १० रुपयांना मिळतं. तेवढीच वीज सेलमधून घेतली तर साधारण असा हिशेब लागतो.

अल्कलाईन पेन्सिल सेल: ४५ रुपयांच्या एका सेलमध्ये सुमारे ३ वॅट-तास. म्हणजे युनिटला १५,००० रुपये.

साधा पेन्सिल सेल: १५ ते २० रुपयांचा, पण यंत्राने जरा जोर मागितला की जेमतेम १ वॅट-तास देतो. म्हणजे युनिटला १५ ते २० हजार. स्वस्त सेल स्वस्त पडत नाही, वर गळून कप्पा खराब करण्याची भीती वेगळी.

९ व्होल्टचा अल्कलाईन चौकोनी सेल: २५० रुपयांत सुमारे साडेचार वॅट-तास. म्हणजे युनिटला ५५,००० रुपयांच्या घरात.

रिचार्जेबल पेन्सिल सेल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड: ३०० रुपयांचा एक सेल दर वेळी सुमारे २.४ वॅट-तास देतो. पाचशे वेळा चार्ज झाला तर युनिटला २५० रुपये.

१२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची सीलबंद लेड बॅटरी, यूपीएसमध्ये असते तीच: किंमत ११०० रुपयांच्या आसपास. आत ८४ वॅट-तास असतात, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मेच वापरायचे. अशी चारशे वेळा वापरली तर युनिटला ६५ रुपये.

त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी: २८०० रुपयांच्या आसपास. ८० टक्के वीज निर्धास्त काढता येते आणि दीड हजार वेळा चार्ज होते असं धरलं तर युनिटला २६ रुपये.

यात चार्जरची किंमत आणि चार्जिंगला लागणारी वीज धरलेली नाही. तरीही चित्र स्पष्ट आहे. थोडी वीज खाणाऱ्या यंत्राला सेल परवडतो, जास्त खाणाऱ्याला रिचार्जेबल बॅटरी परवडते आणि एका जागी बसणाऱ्या यंत्राला भिंतीतल्या विजेइतकं स्वस्त काहीच नाही.

रियाज करणाऱ्यांसाठी

बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. त्यांच्या 'राडेल'च्या आणि इतरांच्या पेट्या आता उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या क्लासात दिसतात. पेटीला ३ वॅट लागतात असं धरून रोज दोन तास रियाज केला, तर महिन्याला होतात १८० वॅट-तास. लाईटवर याचे होतात १ रुपया ८० पैसे. अल्कलाईन सेलवर तेच २७०० रुपये.

म्हणून घरी अ‍ॅडाप्टर आणि बाहेर सेल, हा साधा नियम. पेटीला सेलचा कप्पा असेल तर एक रिचार्जेबल संच घेऊन ठेवा. सहा सेल आणि बरा चार्जर मिळून २८०० रुपये होतात. सहा अल्कलाईन सेलचा संच २७० रुपयांचा. म्हणजे दहा-अकरा वेळा सेल बदलायची वेळ आली की पैसे वसूल. वर्षाकाठी दोन-तीनदाच बाहेर गात असाल तर अल्कलाईनच घ्या.

घेण्याआधी एक खात्री करा. साध्या सेलचे १.५ व्होल्ट असतात, रिचार्जेबलचे १.२. सहा सेलना ९ ऐवजी ७.२ व्होल्टच मिळतात. बहुतेक नवी यंत्रं यावर चालतात. काही जुन्या पेट्या मात्र लवकर मान टाकतात. माहितीपुस्तिकेत रिचार्जेबल सेलचा उल्लेख आहे का, ते बघा.

कीबोर्ड आणि गिटारवाल्यांसाठी

इथे सगळ्यात जास्त पैसे जातात ते चुकीच्या पिनेमुळे. अ‍ॅडाप्टर उलटा करून लेबल वाचा. त्यावर तीन गोष्टी असतात: किती व्होल्ट, किती अँपियर, आणि एक छोटं चित्र. चित्रात मधला ठिपका, त्याला वेढणारा अर्धगोल आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशी चिन्हं असतात. ठिपक्याशी जोडलेलं चिन्ह हे पिनेच्या आतल्या भोकाचं. यामाहाच्या लहान कीबोर्डांना बहुधा १२ व्होल्ट आणि आत अधिक लागतं. कॅसिओच्या बऱ्याच कीबोर्डांना आणि बहुतेक गिटार पेडलना ९ व्होल्टच्या आसपास आणि आत उणे. पिन दोन्हींत बसते, पण दिशा उलटी लागली की यंत्र जाऊ शकतं. व्होल्ट आणि दिशा तंतोतंत जुळली पाहिजे. अँपियर मात्र लागतात तेवढे किंवा जास्त चालतात.

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या जड अ‍ॅडाप्टरवर ९ व्होल्ट छापलेले असतात, पण लोड नसेल तर तोच १२-१३ व्होल्ट देतो. 'रेग्युलेटेड' असं लिहिलेलाच घ्या.

पेडलचा हिशेब वेगळा. साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलला ६ मिलिअँपियरच्या आसपास लागतात, त्यामुळे ९ व्होल्टचा सेल ऐंशी तासांपर्यंत पुरतो, म्हणजे तासाला ३ रुपये. डिजिटल डिलेला १०० मिलिअँपियर लागले तर तोच सेल चार-पाच तासांत संपतो, म्हणजे तासाला ५० रुपयांच्या वर. म्हणून पहिल्याला सेल, दुसऱ्याला अ‍ॅडाप्टर. दोन्ही एकाच अ‍ॅडाप्टरला लावले की डिजिटल पेडलची शिट्टी ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन येते. चार-पाच पेडल असतील तर प्रत्येक तोटी वेगळी असलेला आयसोलेटेड सप्लाय घ्या, ४००० रुपयांपासून पुढे. यूएसबीने चार्ज होणारे ९ व्होल्टचे लिथियम सेल आता मिळतात. पण त्यांच्या आत व्होल्ट चढवणारं सर्किट असतं आणि काही पेडलमध्ये त्याचीच शिट्टी ऐकू येते. एक घेऊन बघा, मगच चार घ्या.

आणि वाजवून झाल्यावर गिटारची वायर पेडलमधून काढा. बहुतेक पेडलमध्ये तो जॅक हाच बॅटरीचा स्विच असतो. पेडल पायाने बंद केलं तरी वायर लागलेली असेल तर सेल रात्रभर झिजत राहतो.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

लॅपटॉप, यूएसबीवरचं ऑडिओ इंटरफेस आणि माईक असा संच असेल तर बहुतेकांना वेगळी बॅटरी लागतच नाही, कारण ती लॅपटॉपमध्येच आहे. टेक घेताना चार्जर काढा. चार्जर लावूनच काम करायचं असेल तर तीन पिनी प्लगवाला, खऱ्या अर्थिंगवर लावलेला चार्जर आणि तोच बोर्ड वापरणारे स्पीकर, एवढ्याने नव्वद टक्के काम होतं.

पॉवर बँकवर रेकॉर्डर चालवायचा असेल तर हिशेब असा: १०,००० मिलिअँपियर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. त्यातले हाती पडतात तीसेक. अडीच वॅट खाणारा रेकॉर्डर दहा-बारा तास चालेल. किंमत ८०० ते १५०० रुपये. रेकॉर्डर फारच थोडा करंट घेत असेल तर काही पॉवर बँका "काही जोडलेलं नाही" असं समजून बंद पडतात. महत्त्वाच्या रेकॉर्डिंगआधी तासभर चालवून बघा. विमानाने कार्यक्रमाला जाणार असाल तर १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते, पण हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या सामानात नाही.

घरघर घालवण्यासाठी यूपीएस घेऊ नका. अडीच-तीन हजारांचा साधा यूपीएस लाईट असताना भिंतीतलीच वीज जवळजवळ तशीच पुढे सोडतो आणि लाईट गेली की ओबडधोबड लहर देतो. तिच्यावर स्पीकर उलट जास्त गुरगुरतो. त्याचा उपयोग एकच, फाईल सेव्ह करायला पाच-दहा मिनिटं मिळतात. मुंबईत वीज क्वचित जाते. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन शहर आणि उपनगरं तासन्‌तास अंधारात होती, लोकलही थांबल्या होत्या. ज्याचं पोट रेकॉर्डिंगवर आहे त्याने यूपीएस ठेवावा, पण आवाज सुधारेल या आशेने नाही.

भजनी मंडळ आणि सोसायटीसाठी

समजा गच्चीवर तीन तासांचं भजन आहे: दोन माईक, ४० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅम्प्लिफायर सतत ४० वॅट खात नाही. गाणं-बोलणं धरून सरासरी २० वॅट. तीन तासांचे ६० वॅट-तास, लाईटवर साठ पैसे. पर्याय तीन.

लाईटवर: १.५ चौरस मिलिमीटर वायरचं तीन पिनी एक्स्टेन्शन ८०० ते १२०० रुपये, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवलेला बोर्ड १८०० ते २५०० रुपये. गळती झाली की आरसीसीबी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वीज तोडतो. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर किंवा मांडवात त्याशिवाय माईक हातात घेऊ नये.

बॅटरीचा ट्रॉली स्पीकर: ७ ते १५ हजार रुपये, वायरलेस माईकसह. आत बहुधा हीच १२ व्होल्टची लेड बॅटरी असते. वर आपण पाहिलं तसं ७ अँपियर-तासाच्या बॅटरीतून सुरक्षितपणे ४२ वॅट-तास मिळतात, म्हणजे दोन तास. तीन तासांसाठी लिथियमवाला किंवा मोठ्या बॅटरीचा घ्या. खोक्यावरच्या हजारो वॅटच्या आकड्याकडे बघू नका; बॅटरीचे व्होल्ट आणि अँपियर-तास विचारा, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास.

एसी-डीसी अ‍ॅम्प्लिफायर: अहुजासारख्या कंपन्यांच्या बऱ्याच लहान अ‍ॅम्प्लिफायरना मागे १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी टोकं असतात. अ‍ॅम्प्लिफायर ६ ते ९ हजार, २६ अँपियर-तासाची सीलबंद बॅटरी अडीच ते साडेतीन हजार, चार्जर हजारभर, स्पीकर वेगळे. वारी, प्रभातफेरी, पालखी अशा चालत्या कार्यक्रमांना हाच संच टिकतो.

वर्षात तीन-चारच कार्यक्रम असतील तर भाड्याने घ्या; लहान संचाला दिवसाचे हजार ते अडीच हजार पडतात. दर एकादशीला भजन असेल तर विकत घेतलेलं वर्षाच्या आत वसूल होतं.

ट्रॉली स्पीकर मरतात ते वापरामुळे कमी आणि माळ्यावर पडून जास्त. गणपती उठले की स्पीकर वर जातो, पुढच्या भाद्रपदात उतरवला की बॅटरी धरत नाही. लेड बॅटरी रिकामी पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होतो, मग कितीही चार्ज करा. महिन्यातून एकदा रात्रभर चार्ज करण्याचं काम कोणातरी एका सभासदाच्या नावावर लिहून टाका. भरलेली बॅटरी आराम करत असताना मल्टिमीटरवर १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उरली की १२.२ च्या आसपास. नवी बॅटरी ११०० रुपयांची. चार स्क्रू आणि दोन टोकं, पण लाल-काळं उलटं जोडू नका.

सार्वजनिक मांडवाला वीज हवी असेल तर कंपनीकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या. दिव्याच्या खांबावरून आकडा टाकणं हा वीज कायदा २००३ खाली गुन्हा आहे.

आणि "बॅटरीवर आहे, म्हणून परवानगी लागत नाही" हा गैरसमज काढून टाका. ध्वनी प्रदूषण नियम २००० मध्ये लाऊडस्पीकरला वीज कुठून मिळते याला काही अर्थ नाही. सार्वजनिक जागी लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राज्य सरकारने ठरवून दिलेल्या सणांच्या मोजक्या दिवसांचा अपवाद सोडून. रहिवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी

बॅटरीचा खरा फायदा दिसतो तो इथे. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईमागच्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधून बहुधा अर्धा मिलिव्होल्टसुद्धा निघत नाही. सीडी प्लेअरमधून दोनेक व्होल्ट निघतात. इतका बारीक सिग्नल हजारो पटींनी वाढवताना सप्लायमधला कचराही तितकाच वाढतो. म्हणून हा सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प बॅटरीवर चालवला तर फरक कानाला कळतो. त्याला वीजही फार लागत नाही. प्रीअ‍ॅम्प १२ व्होल्ट डीसीवर चालत असेल तर ७ अँपियर-तासाची बॅटरी, फ्यूज आणि चार्जर मिळून दोन हजारांत काम होतं. ऐकताना चार्जर काढलेला हवा, नाहीतर बॅटरीचा अर्थच जातो.

पॉवर अ‍ॅम्प्लिफायर मात्र बॅटरीवर नेऊ नका. ढोलकीच्या एका थापेला तो क्षणभर मोठा करंट मागतो. लहान बॅटरीचे व्होल्ट तेव्हा खाली बसतात आणि आवाज फाटतो. वीस-पंचवीस हजारांच्या पॉवर स्टेशनमध्ये, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या पेटीतही, इन्व्हर्टर असतो आणि त्याचा स्वतःचा कचरा असतो.

मधला मार्ग म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा लिनियर रेग्युलेटेड सप्लाय. लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, ६०० ते १५०० रुपयांत मिळतो किंवा बनवून देतात. बंद डबा, फ्यूज आणि तीन पिनी वायर असेल तरच घ्या. रोज ऐकणाऱ्याला हा बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो आणि चार्ज करायची आठवण ठेवावी लागत नाही.

घेताना आणि टाकताना

अ‍ॅडाप्टर, पॉवर बँक आणि लिथियम सेल यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. मालावर मानक चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा आकडा असतो. 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तो टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर माल ठेवून या. पक्कं बिल घ्या आणि यंत्राची वॉरंटी किती, आतल्या बॅटरीची किती, हे त्यावर वेगवेगळं लिहून घ्या. बॅटरीची बहुधा कमीच असते. दुकानदाराने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५.

फुगलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी लेड बॅटरी भंगारवाल्याला फुकट देऊ नका. नवी घेताना दुकानदार तिचे पैसे वळते करतो. तेवढं विचारून घ्या.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी फुकटची परीक्षा, मग अर्थिंगचे पाचशे, मग योग्य अ‍ॅडाप्टरचे पाचशे, आणि त्यानंतरही गरज उरली तर बॅटरी. तीही बारीक सिग्नलच्या यंत्राला किंवा चालत्या-फिरत्या कार्यक्रमाला. बाकी सगळ्यांनी घरी लाईटवरच वाजवावं.